ऑइल गळतंय? आधी दाब बघा!

आमच्या लाखनीत जुनी गाडी ओळखायची एक सोपी खूण आहे. गाडी निघून गेली की जमिनीवर काळा डाग उरतो. "जुनी गाडी म्हटली की ऑइल गळणारच," असं म्हणून लोक डिकीत ऑइलचा एक डबा ठेवतात आणि विषय संपवतात. मला हे पटत नाही. गळतीला कारण असतं, आणि बऱ्याचदा ते शोधायला पुठ्ठा, रॉकेल, टॉर्च आणि थोडं डोकं एवढं पुरतं. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे बरेच शब्द इंग्रजी येतील. सांभाळून घ्या!)

उदाहरण आमच्याच मारुती ८०० चं. हे मॉडेल डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलं आणि २०१४ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. आमची गाडी १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली. एका वर्षात तिच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग दोनदा आणि खालच्या चेंबरचं एकदा बदलून झालं. दर वेळी महिनाभर बरं, मग पुन्हा डाग. शेवटी गॅरेजवाल्या दादांनी "इंजिन खोलावं लागेल" म्हणून अठरा हजारांचा अंदाज दिला. बाबा म्हणाले, त्यापेक्षा भंगारात देऊ. पण आजीला दर महिन्याला नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं आणि एस.टी.च्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. गाडी जाणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

पायरी १ : काय गळतंय?
रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग तपकिरी-काळा असेल तर इंजिन ऑइल. घट्ट आणि उग्र वासाचा असेल तर गिअर ऑइल. रंगीत आणि पाण्यासारखा पातळ असेल तर रेडिएटरचा कूलंट.

पायरी २ : कुठून गळतंय?
आमच्या शेजारी एस.टी.तून रिटायर झालेले एक मेकॅनिक काकाजी राहतात. ते म्हणाले, "तेल कुठं पडते हे नको पाहू बेटा, कुठून निघते ते पाहा." यात सगळं आलं. ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे वर गळणारं कव्हर खाली चेंबर गळत असल्याचा भास निर्माण करतं.
इंजिन थंड असताना बॅटरीची वायर काढा, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर पॉलिथिनने झाका आणि ब्रश व रॉकेलने इंजिन धुऊन काढा. जवळपास काडी पेटवू नका! इंजिन पूर्ण वाळलं की संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा. पॉलिथिन काढून, वायर जोडून इंजिन पंधरा मिनिटं चालवा आणि टॉर्चने बघा. पावडर जिथे सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे ओली झाली, तिथे गळतीचं मूळ. आमच्याकडे ते निघालं टॅपेट कव्हरच्या कडेला, म्हणजे नव्या पॅकिंगवरच!

पायरी ३ : का गळतंय?
आता खरा अभ्यास. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा थोडा वायू पिस्टन रिंगच्या बाजूने निसटून खाली क्रँककेसमध्ये येतो. याला ब्लो-बाय म्हणतात. तो नव्या इंजिनातही असतो. पूर्वी हा वायू नळीने सरळ रस्त्यावर सोडत. त्याने हवा दूषित होते म्हणून १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या गाड्यांत तो पुन्हा इंजिनात ओढून जाळायची सोय आली. आमच्या गाडीत टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जी रबरी नळी जाते, ती याचसाठी. तिला ब्रीदर म्हणतात.
ही नळी तुंबली तर? समजा आत फक्त ०.०५ बार जास्त दाब झाला. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.५ न्यूटन. कव्हर ३० × १० सें.मी. धरलं तर बल १५० न्यूटन, म्हणजे जवळपास १५ किलो वजन कव्हरला आतून ढकलतंय! मग ऑइल सगळ्यात कमजोर जागेतून बाहेर पडणारच. एक जागा बंद केली की दुसरी गळते.
आम्ही नळी काढली तर आत पिवळट, लोण्यासारखा गाळ. एरवी गाडी घर ते बाजार एवढीच फिरते. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, आतली वाफ बाहेर न पडता ऑइलमध्ये मिसळते आणि असा गाळ साचतो.

पायरी ४ : उपाय
नळी नवी घातली, कव्हरवरचं तिचं तोंड साफ केलं. कव्हर आणि हेडच्या कडा जुन्या पॅकिंगचा कणही न ठेवता पुसल्या आणि नवं पॅकिंग बसवलं. बोल्ट थोडे थोडे करत सारखे आवळले. जोर लावून पाना फिरवला तर पॅकिंग चेपून फाटतं. खर्च हजाराच्या आत. चार महिने झाले, पुठ्ठ्यावर आठवड्यात एखादा ठिपका दिसतो, बस्स.
मात्र नळी मोकळी असूनही आत दाब राहत असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर रिंग झिजल्या असण्याची शक्यता मोठी. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, मगच इंजिन खोलायचा निर्णय घ्या.

दोन गोष्टी विसरू नका. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा ऑइल कमी झाल्यावर लागत नाही, दाब पडल्यावर लागतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून दर आठवड्याला गेज काढून बघा. आणि गळतं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर आग लागू शकते, म्हणून "चालतंय तोवर चालू दे" नको.

थोडक्यात काय, पॅकिंग तीनदा बदलूनही गळती थांबत नसेल, तर पॅकिंगला दोष देणं सोडा आणि त्याच्यावर जोर कोण लावतंय ते शोधा. आपण थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात दाबाची गणितं सोडवतोच. यंदा सुट्टीत घरी गेलात की एकदा आपल्या गाडीखाली पुठ्ठा सरकवून बघा.