थंड हवेतले ऊन : श्रीनगरच्या बागा पाहताना

"काश्मीरमध्ये ऊन कसलं लागतंय, डॉक्टर?" मे महिन्यात सहलीला निघालेले आमचे एक निवृत्त गुरुजी हसत म्हणाले. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेतल्या आणि गेले. परत आले तेव्हा नाकाची आणि कानांची साल निघाली होती. निशात बाग चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते पायरीवरच बसले होते. बरोबरच्या मंडळींना वाटले, उंचीमुळे दम लागला.

उंचीचा दोष त्यात फारसा नव्हता. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा दोन-अडीचशे मीटरच जास्त. विरळ हवेचा त्रास सहसा २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. गुरुजींना नडले ते ऊन आणि कमी प्यालेले पाणी.

उन्हाचा चटका आपण हवेच्या उष्णतेवरून ओळखतो. पण कातडी जाळतात ते सूर्याचे अतिनील किरण आणि त्यांचा हवेच्या गारव्याशी काही संबंध नाही. उलट दर हजार मीटर उंचीमागे ते सुमारे १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. दल सरोवरावरून गार वारा येत असतो, घाम येतो तसा वाळतो, तहान लागत नाही. शरीरातले पाणी मात्र कमी होतच असते. त्यात आपल्या सहलींतला एक जुना घोळ असतो. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने मंडळी, विशेषतः स्त्रिया, सकाळपासून पाणीच पीत नाहीत.

गुरुजींच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत ते असते. पाणी कमी आणि वर चढण, म्हणजे रक्तदाब एकदम उतरून चक्कर येणारच. म्हणून गोळी मनाने बंद करू नये; निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून घ्यावी. फिरताना तासाला पेलाभर पाणी घ्यावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी मात्र विचारूनच. डॉक्सीसायक्लिनसारख्या काही औषधांनी कातडी उन्हाला जास्त हळवी होते, हेही विचारून ठेवावे. आणि तिकडचा गुलाबी नून चहा चवीपुरता एक कप घ्या. नून म्हणजे मीठ!

आता बागांविषयी. शालिमार बाग जहांगीराने १६१९ मध्ये घडवायला घेतली. तिचा चढ सौम्य आहे, चिनारांची सावली दाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी. नूरजहानचा भाऊ आसफ खान याची १६३३ ची निशात बाग वेगळी. झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ती बारा टप्प्यांनी वर चढत जाते. बाराही टप्पे चढलेच पाहिजेत असा कोणाचा आग्रह नाही. सरोवराचे दृश्य मधल्या टप्प्यांवरूनही सुरेख दिसते. डोंगर पूर्वेला असल्याने सकाळी तिथे ऊन उशिरा पोचते, तर संध्याकाळी ते सरोवराकडून थेट तोंडावर येते. तेव्हा निशात सकाळी पाहणे बरे. चश्मेशाही लहान पण चढाची. तिच्याजवळचे वनस्पती उद्यान आणि २००७ मध्ये सुरू झालेली ट्यूलिप बाग ऐसपैस आहेत, पण फुलांच्या वाफ्यांवर सावली नसते. ट्यूलिपचा बहर मार्चअखेर ते एप्रिल असा महिनाभराचाच. मे महिन्यात सूर्य सातनंतर मावळतो, म्हणून अकरा ते चार हा वेळ जेवण आणि विश्रांतीला ठेवला तरी दिवस पुरतो. सहल कंपनीचे वेळापत्रक नेमके याच्या उलटे असते, ही तक्रार मी दरवर्षी ऐकतो. निघण्यापूर्वी तसे स्पष्ट बोलून घ्यावे.

रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि एस.पी.एफ. ३० चे मलम दर दोन तासांनी. कान आणि मानेची मागची बाजू विसरू नये. गुलमर्गला बर्फावर जाणार असाल तर गडद चष्मा हवाच. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. मधुमेहींनी नवे बूट सहलीत पहिल्यांदा घालू नयेत. एरवीपेक्षा चालणे जास्त झाले की साखर उतरते, म्हणून खिशात गोळ्या-बिस्किटे असावीत.

मे महिन्यात श्रीनगरात कापसासारखे पुंजके उडतात. ते पॉपलर झाडांच्या बियांचे. शिंका त्यांच्यामुळेच येतात असा सर्वसाधारण समज आहे आणि ही झाडे तोडण्याचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. खरे पाहता त्रास देतात ते बहुधा त्याच दिवसांत उडणारे गवताचे व इतर झाडांचे परागकण. ते दिसत नाहीत, पुंजके दिसतात. दमेकऱ्यांनी आपला पंप हॉटेलच्या खोलीत न ठेवता खिशात ठेवावा.

चढताना छातीत दडपण आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर तिथेच बसावे. पाच-दहा मिनिटांत थांबले नाही तर १०८ ला फोन करावा. थांबले तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे. सौऱ्याची शेर-ए-काश्मीर संस्था आणि महाराजा हरिसिंह रुग्णालय ही मोठी सरकारी रुग्णालये श्रीनगरातच आहेत. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी पाकिटात असली की तिथल्या डॉक्टरांचे काम सोपे होते.

गुरुजी यंदा पुन्हा निघाले आहेत, या वेळी सौभाग्यवतींसह. टोपी घेतली का, असे विचारले तर म्हणाले, "दोन घेतल्यात."