१०९८ ला फोन लावल्यावर पुढं काय होतं?



मागच्या लग्नसराईतली गोष्ट. आपल्या तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या. सगळ्या उठल्यावर एक काकू माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, आमच्या गल्लीतली एक पोरगी शाळेत जायची बंद झाली. तिचं लग्न जमवलं म्हणतात. पण म्या सांगतलं म्हणून कोणाले सांगजो नको. अन् खरं-खोटं मले काही माहीत नाही."

गावाचं नाव इथे दिलेलं नाही, आणि ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत. काकूंना विचारूनच लिहीत आहे.

काकूंचं बोलणं ऐकून मला माझी जुनी चूक आठवली. कामाला लागून सहाच महिने झाले होते तेव्हा. अशीच बातमी कानावर आली. मला वाटलं, आधी खात्री करून घ्यावी. म्हणून मी सरळ त्या मुलीच्या घरी गेले आणि आईला विचारलं, "ताई, मुलीचं लग्न ठरलं का?" आई म्हणाली, "नाही वं बाई, कोणी सांगतलं तुम्हाले?" चहा पाजला आणि मला वाटेला लावलं. चारच दिवसांनी त्या मुलीला दुसऱ्या जिल्ह्यात नातेवाइकांकडे नेऊन तिचं लग्न लावलं. माझ्या चौकशीमुळे घरचे सावध झाले होते. समाजकार्याची पदवी घेऊनही मला हे सुचलं नव्हतं.

म्हणून आजचा पाठ एकच आहे. खात्री करणं आपलं काम नाही. वेळेवर योग्य माणसाला सांगणं आपलं काम आहे. खात्री करणारी माणसं वेगळी असतात आणि त्यांना कायद्याने तसा अधिकार दिलेला असतो.

सांगायचं कोणाला?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे १०९८. हा नंबर मोफत आहे आणि रात्री-बेरात्रीही लागतो. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून, रस्त्यावरच्या मुलांसाठी सुरू झाली. आता ती सरकारच्या मिशन वात्सल्यमधून चालते आणि ११२ शी जोडलेली आहे. मुलाच्या जिवाला लगेच धोका असेल तर सरळ ११२ लावा.

गावात सांगायचं असेल तर अंगणवाडी सेविका किंवा पोलीस पाटील यांना सांगा. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. बालविवाहाची गोष्ट असेल तर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच गावातले बालविवाह प्रतिबंध अधिकारी आहेत. पण गावातलंच कोणी त्या घरच्या नात्यातलं असेल तर गावात बोलू नका, १०९८ लावा.

फोनवर काय सांगायचं?

घाबरायचं काही कारण नाही. एवढंच सांगा: गाव आणि तालुका, मुलाचं नाव आणि अंदाजे वय, काय पाहिलं किंवा ऐकलं, आणि धोका कधी आहे, म्हणजे लग्न असेल तर तारीख. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणा. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं सांगा. आपलं नाव उघड होऊ नये असं वाटत असेल तर तेही तिथेच स्पष्ट सांगा.

पुढं काय होतं?

इथेच आपल्या मनात अंधार असतो, म्हणून नीट वाचा. तुमची माहिती वाशिमला जिल्हा यंत्रणेकडे येते. तिथून माणसं गावात येतात, गरज असेल तर पोलीस सोबत असतात. ते मुलाशी आणि घरच्यांशी बोलतात आणि वयाचा पुरावा बघतात. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर जन्मदाखला. मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण नसेल तर लग्न थांबवतात.

मुलाला संरक्षणाची गरज दिसली तर त्याला बाल कल्याण समितीपुढे नेतात. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यावं लागतं. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला असते. समितीला न्यायदंडाधिकाऱ्यासारखे अधिकार आहेत. समिती मुलाचं म्हणणं ऐकते आणि घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल मागवते. तो १५ दिवसांत पूर्ण व्हायला पाहिजे. मग मूल कुठे राहील, कोणती मदत मिळेल, याचा आदेश समिती देते.

आपल्याला वाटणाऱ्या तीन भीती

"पोराले उचलून नेतील." बालगृह हा कायद्यात शेवटचा उपाय आहे. मूल आई-बापाजवळ किंवा नातेवाइकांजवळ सुरक्षित राहत असेल तर आधी तेच बघतात.

"आईले जेलात टाकतील." बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण या कायद्यात बाईला कैदेची शिक्षा नाही. आणि लग्न आधीच थांबलं तर बहुतेक वेळा समजावणं आणि हमीपत्र, यावरच निभावतं. म्हणून लवकर सांगणं त्या घराच्याही भल्याचं असतं.

"सांगणारीच फसते." लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर उलट आहे. माहीत असून कळवलं नाही तर गुन्हा होतो, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर कळवणारीवर कारवाई होत नाही. अशा वेळी मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकारी, साध्या कपड्यात घेते. मुलीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. तिने सांगितलं तेवढं ऐका आणि पुढे कळवा.

तक्रार नसली तरी मदत मागता येते

ही यंत्रणा फक्त धाडी घालायला नाही. आपल्या गटात एकट्या बाया किती आहेत बघा. कोणाचा नवरा वारला, कोणी टाकून दिलेली, कोणाच्या घरी मोठं दुखणं. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा घरच्या मुलाला १८ वर्षांपर्यंत महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज वाशिमच्या जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा. आधार, पालकाचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड आणि बँक पासबुक जमवून ठेवा. गृहभेट होते आणि मंजुरी बाल कल्याण समितीच देते. पोरीचं लग्न घाईत उरकायचं कारण पुष्कळदा पैशाची ओढाताण असतं. हातात वेळेवर मदत आली तर तो विचारच मागं पडतो.

एक गोष्ट कधीच करायची नाही

अशा मुलाचं नाव किंवा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचा नाही, गटाच्या इतिवृत्तात लिहायचं नाही. प्रकरणातल्या मुलाची ओळख छापणं, पसरवणं हा गुन्हा आहे. पारावरची चर्चाही त्या मुलीला जन्मभर पुरते.

पुढच्या बैठकीत हे करा

१. १०९८ आणि ११२ हे नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये टाका.
२. आपल्या गावच्या ग्राम बाल संरक्षण समितीत कोण कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, ते ग्रामपंचायतीत विचारा.
३. गटात बालसंगोपनास पात्र मुलं कोणती, याची यादी करा आणि माझ्याकडे द्या. अर्ज सोबत बसून भरू.

काकूंचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. या वेळी मी त्या घरी गेले नाही. काकूंच्या समोरच १०९८ लावला आणि त्यांना माहीत होतं तेवढं सांगितलं. लग्न थांबलं. मुलगी सोळा वर्षांची निघाली, आता ती पुन्हा शाळेत जाते. काकू परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "म्या तर फक्त फोन केला वं बाई." मी म्हटलं, "काकू, तेवढंच तर पाहिजे होतं."

तुमची,
क्षेत्र समन्वयक, मंगरूळपीर