संग्रहालयाचा पहारेकरी

सन २०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या सांथीमुळें अमेरिकेंतील ओक्लाहोमा सिटी येथील 'नॅशनल काऊबॉय' वस्तुसंग्रहालयाचीं दारें बंद झालीं. आंत उरले पहारेकरी. तेव्हां ट्विटरवर संग्रहालयाविषयीं लिहिण्याचें काम त्यांच्या नायकावरच येऊन पडलें. रिकाम्या दालनांतून फिरतांना जी वस्तु मनांत भरे तिचें छायाचित्र तो प्रसिद्ध करी, व खालीं दोन साधीं वाक्यें लिही. वस्तूंची माहिती आम्ही शिक्षकही वर्गांत पुष्कळ सांगतों. त्या आम्हांस आवडतात, हें सांगावयाचें मात्र बहुधा राहून जातें! या विद्येंत तो गृहस्थ अगदींच नवशिका. नातवानें सुचविलें म्हणून 'हॅशटॅग' वापरूं गेला, तों चिन्हाऐवजीं त्यानें तो शब्दच अक्षरांत लिहिला. घरांत कोंडलेले लोक हंसले, आणि पुनःपुनः वाचावयास येऊं लागले. कांहीं आठवड्यांतच त्याचे वाचक दोन लाखांवर गेले.