पिकअप मिळाला, बेल्ट गेला

दिवे घाटात अर्ध्या चढावर माझ्या स्कूटरचं इंजिन नुसतं कोकलत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. मागे बायको, पायाशी तिच्या माहेरी न्यायचा फराळाचा डबा, आणि कव्हरमधून जळक्या रबराचा वास. ढकलत वर नेईपर्यंत सासवडहून मेहुणा टेम्पो घेऊन आला. टेम्पोत गाडी चढवताना तो जे बोलला ते इथे लिहीत नाही. दिवाळीचे चारही दिवस तो तेच बोलत होता.

याच गाडीवर तीन आठवड्यांपूर्वी मी २,८०० रुपये घातले होते. माझी मागणी साधी होती : घाटात दोघं बसलो की गाडी मरते, तेवढं बघ. गॅरेजवाला म्हणाला, "काका, रोलर हलके टाकू, मागची स्प्रिंग कडक टाकू, क्लचच्या स्प्रिंगाही बदलू. पिकअप आणि टॉप, दोन्ही वाढवून देतो." १९८४ साली किनेटिक होंडा आली तेव्हापासून मी बिनगिअरच्या गाड्या चालवतोय, पण कव्हरच्या आत कधी डोकावलो नव्हतो. म्हटलं, कर.

पिकअप वाढला, खोटं कशाला बोलू. सिग्नल सुटला की गाडी पोरांच्या गाड्यांच्या पुढे. पहिले चार दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुक सांगत होतो. पाचव्या दिवशी सोलापूर रस्त्यावर मोकळी वाट मिळाली आणि काटा ६८च्या वर जाईना. पूर्वी तोच ८२ला टेकायचा. इंजिन मात्र असं रडत होतं की शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

परत गॅरेजवर. तो गाडीजवळ आलाही नाही. लांबूनच म्हणाला, "काका, रोलर बदलले की काटा कमी दाखवतो. स्पीड तेवढाच आहे."

माझ्या गाडीच्या काट्याची केबल पुढच्या चाकातून येते. रोलर मागे, इंजिनाच्या कुशीत. रोलरच्या जागी लाडू भरले तरी काट्याला त्याचा पत्ता लागणार नाही. हे मला तिथेच, त्याच सेकंदाला कळलं होतं. पण आणखी दोन गिऱ्हाईकं उभी होती, 'म्हाताऱ्याला काय कळतंय' अशा नजरेनं बघत. मी गप्प बसलो. या सगळ्यात माझी काही चूक असेलच तर ती एवढी.

सासवडला एका जुन्या मिस्त्रीनं कव्हर उघडलं तेव्हा खरा प्रकार दिसला. बेल्टच्या चिंध्या झालेल्या. क्लचची बेल तापून निळी पडलेली. आणि पुढच्या पुलीच्या चकतीवर बेल्ट घासून जिथपर्यंत चकाकी यायला हवी, त्याच्या बोटभर आधीच ती संपलेली. म्हणजे टॉपला लागतो तेवढा वर बेल्ट कधी चढलाच नव्हता. फेऱ्या वाढल्या की रोलर बाहेर फेकले जातात आणि चकती दाबतात, त्या दाबानं बेल्ट वर सरकतो. रोलर हलके म्हणजे दाब कमी. वरून मागची कडक स्प्रिंग बेल्टला उलट ओढतेय. पिकअप मिळतो, कारण इंजिन चढ्या फेऱ्यांवर राहतं. टॉप त्याच कारणानं जातो. शिवाय कडक स्प्रिंगनं बेल्ट आवळला जातो, तापतो. मिस्त्रीनं मला हे चहा संपायच्या आत समजावलं. गॅरेजवाल्याला तीन आठवडे जमलं नाही.

रोलर सोनाराच्या काट्यावर नेले. सहाही १० ग्रॅमचे म्हणून दिलेले. चार नवाच्या आसपास, एक ९.६, एक १०.५. सोनार हसला.

आता ज्यांना हे करायचंच आहे त्यांच्यासाठी. एका वेळी एकच गोष्ट बदला. रोलर, मागची स्प्रिंग आणि क्लच एकाच दिवशी बदलले तर कुणी काय बिघडवलं हे देवालाही कळणार नाही. वजन अर्ध्या-एक ग्रॅमनंच उतरवा. मधलं वजन हवं असेल तर दोन वजनांचे तीन-तीन रोलर एकाआड एक बसवा. पुलीच्या चकतीवर मार्करनं मध्यापासून कडेपर्यंत रेघ मारा, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण वेगानं चक्कर मारा आणि उघडून बघा : रेघ जिथपर्यंत पुसली तिथपर्यंत बेल्ट गेला. ही रेघ मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितली असती तर हा लेख झाला नसता. क्लचच्या स्प्रिंगांना चढासाठी हात लावू नका, दोघं बसून घाटात क्लच घसरत राहतो आणि बेल जळते. बेल्ट बसवताना मागची पुली हातानं उघडून बेल्ट खोल दाबा. नाहीतर पुढची चकती शाफ्टच्या दात्यांवर नीट बसत नाही, नट तसाच आवळला जातो आणि दाते जातात. चकत्यांना ग्रीसचं बोटही लागू देऊ नका.

चांगला मेकॅनिक गाठा, असंही म्हणतात. गाठा.

आता माझ्या गाडीत मूळ वजनापेक्षा एकच ग्रॅम हलके रोलर आहेत, मागची स्प्रिंग कंपनीची. घाट पूर्वीपेक्षा बरा चढतो, काटा ८०ला जातो. दोघांच्या वजनाला ११० सीसीत याहून जास्त मिळत नाही.

आणि जुने सुटे भाग तिथल्या तिथे मागून घ्या. मी माझे मूळ रोलर मागायला गेलो तर गॅरेजवाला म्हणाला, "ते भंगारात गेले, काका." जेमतेम ११,००० किलोमीटर चाललेले रोलर. कुणाच्या तरी गाडीत ते आज 'नवीन' म्हणून फिरत असणार. मी बिल मागितलं नव्हतं, त्यामुळे तोंडही बंद.