लोखंडी तव्याची निगा

जळगांवजवळील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) यांनीं संसारास चुलीवरील तव्याची उपमा दिली. तवा खानदेशांतील घरांत इतका ओळखीचा आहे. तरी त्याचा काळेपणा म्हणजे मळ, असा समज पुष्कळांचा असतो. तो काळेपणा खरवडून काढल्यामुळेंच पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा तवा गंजून मोडींत जातो. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, त्याविषयीं आम्ही येथें थोडें सांगतों.

लोखंड, पाणी व हवेंतील ऑक्सिजन हीं एकत्र आलीं कीं गंज चढतो. वैशाखांतील कोरड्या हवेंत ओला तवा लवकर वाळतो. आषाढांत मात्र तोच एका रात्रींत तांबूस दिसूं लागतो. तेलाचा पातळ हात देऊन तवा तापविला म्हणजे त्या तेलाचा ऑक्सिजनशीं संयोग होऊन कठीण, काळसर थर बनतो. हा थर पाण्यास लोखंडाशीं भिडूं देत नाहीं. तो मळ नव्हे, तव्याचें कवच होय.

तवा कोमट असतांनाच नारळाच्या शेंडीनें घासून धुवावा, फडक्यानें पुसावा व मंद आंचेवर पूर्ण वाळवावा. नंतर तेलाचे दोन-तीन थेंब चोळून जास्तीचें पुसून घ्यावें; अधिक तेलानें तवा चिकट होतो.

बिडाचें, म्हणजे ओतीव लोखंडाचें, भांडें अधिक जपावें. बिडांत शेंकडा 2 ते 4 भाग कार्बन असल्यामुळें तें ठिसूळ असतें. तापलेलें असतांना त्यावर गार पाणी पडल्यास तडकतें.

गंज चढला म्हणून तवा टाकूं नये. चिंचेच्या कोळांतील आम्ल गंज विरघळवितें. त्यानें घासून लगेच धुवावें, वाळवावें आणि तेल लावून धूर येईपर्यंत तापवावें. असें तीन-चार वेळां केल्यास कवच पुन्हां धरतें.

लोखंडी कढईंत शिजविलेल्या अन्नांत, विशेषतः आंबट भाजींत, लोहाचा कांहीं अंश उतरतो; रक्तवाढीस लोह अवश्य आहे. मात्र आंबट पदार्थ कढईंत ठेवूं नये. त्यानें कवच झिजतें व चव बिघडते.

पालकांस विनंति कीं, हें पांच मिनिटांचें काम मुलींप्रमाणें मुलांकडूनही करवावें. वर्गांत शिकलेलें रसायनशास्त्र घरीं उपयोगास आलें, तरच तें खरें शिकलें असें आम्ही समजतों.