परक्या बाजारांत ब्राझीलचे कलावंत

आपल्या कोंकणांत व गोव्यांत पिकणारा काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीज दर्यावर्दी लोकांनीं तो सोळाव्या शतकांत इकडे आणिला, आणि आज तो एके काळीं परका होता हें सांगूनही कोणास खरें वाटत नाहीं. झाडाचें एक बरें असतें. माती व पाऊस मानवला म्हणजे तें रुजतें. गायनवादनाची गोष्ट तशी नाहीं. परदेशीं गेलेल्या कलावंतास आपली भाषा न जाणणाऱ्या श्रोत्यांपुढें उभें राहावें लागतें. त्यास तेथवर कोण नेतो, कोणत्या वेषांत तो उभा राहतो, आणि त्याच्या श्रमाचा मोबदला कोणाच्या हातीं पडतो, हे तीन प्रश्न फार महत्त्वाचे आहेत. ब्राझीलच्या कलावंतांच्या इतिहासांत त्यांचीं उत्तरें स्पष्ट दिसतात. विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही तीं लक्षांत घेण्याजोगीं आहेत.

ब्राझील हा दक्षिण अमेरिकेंतील सर्वांत मोठा देश. इ. स. १५०० पासून १८२२ पर्यंत तो पोर्तुगालकडे होता, म्हणून तेथील भाषा पोर्तुगीज. उंसाच्या मळ्यांत व खाणींत राबविण्यासाठीं आफ्रिकेंतून लाखों गुलाम तेथें नेण्यांत आले, आणि गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती १८८८ सालीं. युरोपांतील नृत्यांच्या चाली व आफ्रिकेंतील ताल यांच्या संगमांतून रिओ द जानेरो शहरांत 'शोरो' हें वाद्यसंगीत आणि 'सांबा' हें गीतनृत्य वाढीस लागलें. तें घडविणारे पुष्कळ जण गुलामांच्या वंशांतले होते. ही गोष्ट पुढील पहिल्याच प्रवासांत आडवी आली.

१९१९ सालीं रिओ येथील एका चित्रपटगृहाच्या दालनांत प्रेक्षकांच्या करमणुकीसाठीं आठ वादकांचा एक ताफा वाजवूं लागला. त्याचें नांव 'ओय्तो बतूतास', म्हणजे 'आठ पटाईत'. त्यांचा म्होरक्या पिशिंगीन्या (१८९७-१९७३) हा बासरी वाजविण्यांत निष्णात होता व रचनाकारही होता. लोक त्यांस ऐकण्यासाठीं दाटी करीत. १९२२ सालीं आर्नाल्दो गिन्ले नांवाच्या धनिकानें खर्चाचा भार उचलून या मंडळीस पॅरिसला पाठविण्याचें ठरविलें, तेव्हां कांहीं वृत्तपत्रकारांनीं गहजब केला. काळ्या वर्णाच्या माणसांनीं परदेशीं ब्राझीलचें नांव मिरवावें, हें त्यांस रुचलें नाहीं! तरी मंडळी गेली. पॅरिसमध्यें ब्राझिली नृत्य लोकप्रिय करणारा दूके नांवाचा नर्तक आधींच नांवारूपास आला होता. त्याच्या ओळखीनें 'शेहेराझाद' नामक नृत्यगृहांत त्यांस काम मिळालें. सुमारें सहा महिने ते तेथें राहिले.

परत येतांना त्यांनीं पॅरिसमध्यें ऐकलेल्या जॅझ वाद्यवृंदांचा संस्कार बरोबर आणिला. पिशिंगीन्या सॅक्सोफोन वाजवूं लागला. मग दुसरा आक्षेप निघाला: यांनीं आपलें सोडून परक्याचें घेतलें! परंतु त्याच सॅक्सोफोनवर त्यानें पुढें १९४० नंतरच्या दशकांत शोरोच्या ज्या ध्वनिमुद्रिका केल्या, त्या त्या संगीताचा ठेवा मानल्या जातात. परक्याचें वाद्य घेतल्यानें कला बाटत नाहीं. त्यावर काय वाजवावें हें ज्याचें त्यास ठाऊक असलें पाहिजे.

दुसरा प्रवास कार्मेन मिरांडा या गायिकेचा. ती १९०९ सालीं पोर्तुगालमध्यें जन्मली, आणि तान्हेपणींच आईबापांबरोबर रिओस आली. टोप्यांच्या दुकानांत काम करणारी ही मुलगी १९३० पासून ध्वनिमुद्रिकांमुळें देशभर गाजली. बाहिया प्रांतांत रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणाऱ्या काळ्या स्त्रियांचा डोकीस फडकें, गळ्यांत माळा असा वेष तिनें रंगभूमीसाठीं नटवून घेतला. १९३९ सालीं न्यूयॉर्कचे नाट्यव्यवसायी ली शूबर्ट यांनीं तिला रिओंतील उर्का येथें ऐकलें व अमेरिकेस येण्याचें बोलावणें दिलें. पण बोलावणें होतें तें तिला एकटीला. साथीचे वादक न्यूयॉर्कमध्यें हवे तितके मिळतील, असें त्यांचें म्हणणें. कार्मेन अडून बसली. आपला ताल कागदावरच्या स्वरलिपींत मावत नाहीं, तो साथीदारांच्या हातांत आहे, हें ती जाणून होती. अखेर 'बांदो दा लुआ' या तिच्या साथीदारांच्या प्रवासखर्चास ब्राझीलच्या सरकारनें हातभार लाविला, आणि त्या वर्षाच्या मे महिन्यांत सर्व मंडळी आगबोटीनें निघाली. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर केवळ कांहीं मिनिटांच्या प्रवेशानें तिनें शहर जिंकलें. प्रसिद्धीच्या आमिषापुढें साथीदारांस मागें न टाकणारी ही बाई, निदान या एका गोष्टींत, आपणां सर्वांस गुरुस्थानीं शोभेल.

त्या काळीं अमेरिकेचें सरकार दक्षिणेकडील देशांशीं स्नेह जोडूं पाहत होतें. महायुद्धामुळें ती निकड अधिक वाढली. त्यामुळें चित्रपटांचें दारही तिला लवकर उघडलें. १९४५ सालीं अमेरिकेंतील सर्वांत अधिक मिळकतीची स्त्री म्हणून तिचें नांव पुढें आलें. पण या वैभवाची किंमत काय पडली? चित्रपटवाल्यांस हवी होती ती डोकीवर फळांचा डोलारा घेऊन मोडकें इंग्रजी बोलणारी, हंसविणारी बाई. तोच वेष, त्याच लकबी, पुनः पुनः. आणि १९४० सालीं ती मायदेशीं परतून उर्का येथें गावयास उभी राहिली, तेव्हां प्रतिष्ठित श्रोत्यांनीं थंडपणें तिचें स्वागत केलें. ती अमेरिकन होऊन आली असा त्यांचा ग्रह! तिनें त्यास वादविवादानें नव्हे, तर त्याच आरोपावर रचलेलें एक गाणें गाऊन उत्तर दिलें. १९५५ सालीं अवघ्या ४६ व्या वर्षीं ती अमेरिकेंत वारली. तिचा देह रिओस आणिला, तेव्हां अंत्ययात्रेस लोकांचा महापूर लोटला.

तिसरा प्रवास विलक्षण आहे; त्यांत संगीत आधीं पोंचलें व संगीतकार मागाहून. १९५८ च्या सुमारास रिओमध्यें आंतोनिओ कार्लोस जोबीम हे रचनाकार व बाहियाकडील जोआव जिल्बेर्तो हे गिटारवादक-गायक यांनीं सांब्यास अगदीं मृदु, घरगुती बोलण्यासारखें रूप दिलें. त्यास 'बोसा नोव्हा', म्हणजे 'नवी ढब' म्हणतात. १९६१ सालीं सरकारी दौऱ्यावर ब्राझीलला गेलेल्या चार्ली बर्ड या अमेरिकन गिटारवादकानें तें ऐकलें. फेब्रुवारी १९६२ मध्यें वॉशिंग्टन येथें एका प्रार्थनामंदिराच्या सभागृहांत त्यानें व सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यानें 'जॅझ सांबा' ही ध्वनिमुद्रिका केली. तींत रचना बहुतेक ब्राझीलच्या, पण वाजविणारा ब्राझिली असा एकही नव्हता. पुढल्या वर्षीं ती अमेरिकेंत खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेली.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहांत खुद्द ब्राझीलचे कलावंत गायले-वाजविले, आणि त्यांपैकीं कित्येकांस तेथें काम मिळालें. मार्च १९६३ मध्यें गेट्झ व जिल्बेर्तो यांची एकत्र ध्वनिमुद्रिका तयार झाली. इंग्रजींत गाणारें कोणी हवें होतें. जिल्बेर्तो यांची पत्नी आस्त्रूद हिला इंग्रजी येत होतें. म्हणून इपानेमाच्या मुलीवरील गाण्याचा इंग्रजी भाग तिनें गाइला. १९६४ सालीं त्या गाण्यानें जगभर नांव केलें आणि १९६५ सालीं त्यास व मूळ ध्वनिमुद्रिकेस अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. आस्त्रूदला मात्र त्या कामाबद्दल वादकसंघाच्या दराप्रमाणें १२० डॉलर तेवढे मिळाले, असें नमूद झालें आहे. यावरून ध्यानांत येईल कीं, कान मिळणें निराळें व हक्क मिळणें निराळें.

याच्या उलट उदाहरण सेर्जिओ मेंडिस (१९४१-२०२४) यांचें. कार्नेगी सभागृहांत वाजविलेले हे पियानोवादक १९६४ सालीं अमेरिकेंत स्थायिक झाले. तेथील गायिकांस हाताशीं धरून त्यांनीं स्वतःचा ताफा उभारला. १९६६ सालीं जोर्जे बेन यांचें एक गाणें त्यांनीं मूळ पोर्तुगीजमध्येंच सादर केलें, आणि भाषेचें अक्षर न समजणाऱ्या श्रोत्यांनींही तें उचलून धरलें. ताफा स्वतःचा असल्यामुळें काय गावें व कसें गावें हें ठरविणें त्यांच्या हातीं राहिलें.

हा इतिहास आपणांस अगदींच दूरचा नाहीं. त्याच पोर्तुगीज अंमलाखालीं गोव्यांत गांवोगांवच्या चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्य स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. त्या शिक्षणाच्या बळावर शेंकडों गोवेकर वादकांनीं मुंबईच्या नृत्यवृंदांत व चित्रपटांच्या वाद्यमेळांत काम मिळविलें. त्यांचे सूर घरोघर पोंचले, परंतु त्यांतील बहुतेकांचीं नांवें जाहिरातींवर कधीं झळकलीं नाहींत.

'वाद्य वाजवून पोट भरेल काय?' असें पालक विचारतात, आणि तें विचारणें रास्त आहे. उत्तर असें कीं, केवळ वाजवून भरेलच असा नेम नाहीं. कलेबरोबर स्वरलिपि वाचण्याची तयारी हवी. एखादी परभाषा हवी. करारपत्रावर सही करण्यापूर्वीं तें ओळ न् ओळ वाचण्याची संवय हवी. आणि आपल्या साथीदारांचा वाटा आपल्या वाट्याइतकाच जपण्याचें मन हवें. आपल्या शाळेच्या वाद्यवृंदांतील मुलांमुलींनीं सराव करतांना बासरी वाजविणाऱ्या पिशिंगीन्याची आठवण ठेवावी, आणि कोणी 'तूं एकटाच ये' असें म्हणेल त्या दिवशीं कार्मेनचीही.