पर्जन्यमापकाचे आंकडे आणि संगणकाची पूर्वतयारी

सोनपेठसारख्या कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्या तालुक्यांत पाऊस किती पडला हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, म्हणजे तो अतिवृष्टि मानून पिकांच्या नुकसानीचा विचार होतो. हा पाऊस मोजण्यासाठीं महाराष्ट्रांत महावेध प्रकल्पाचीं स्वयंचलित हवामान केंद्रें उभारलीं आहेत. अशा यंत्राचे आंकडे वाचणारी आज्ञावली लिहिण्यापूर्वीं संगणकावर कोणती तयारी करावी, तें या पाठांत पाहूं.

प्रथम यंत्र समजून घ्यावें. झुकत्या पात्राच्या पर्जन्यमापकांत नरसाळ्याखालीं तराजूसारखीं दोन लहान पात्रें असतात. एक भरलें कीं तें झुकून रिकामें होतें व दुसरें त्याच्या जागीं येतें. प्रत्येक झुकण्याबरोबर विजेचा एक संकेत उमटतो. एक झुकणें म्हणजे ०.२ मिलिमीटर असें माप असेल, तर ५० संकेतांचा पाऊस १० मिलिमीटर होय.

आतां संगणकाकडे वळूं.

१. पायथॉन ही भाषा संगणकावर घ्यावी आणि कामासाठीं निराळा फोल्डर करावा. यंत्राकडून आलेले मूळ आंकडे वेगळे ठेवून त्यांस कधींही हात लावूं नये.

२. या कामापुरता स्वतंत्र परिसर निर्माण करावा. त्याची सोय पायथॉनमध्यें २०१२ पासून अंगभूत आहे. पांडाज या पॅकेजच्या २०२३ मधील २.० आवृत्तींतून तक्त्यास ओळी जोडणारी एक जुनी आज्ञा काढून टाकण्यांत आली. तीवर विसंबलेलें काम नव्या आवृत्तींत बंद पडतें. स्वतंत्र परिसरांत आपली आवृत्ति आपल्यापाशीं स्थिर राहते.

३. वापरलेल्या प्रत्येक पॅकेजचें नांव व आवृत्ति यांची यादी फोल्डरांत ठेवावी, म्हणजे दुसरा विद्यार्थी तीच मांडणी पुन्हां उभी करूं शकेल.

४. प्रत्येक फेरफाराची नोंद गिट या साधनानें ठेवावी. तें लिनस टोर्वाल्ड्स यांनीं २००५ मध्यें निर्माण केलें.

५. ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे, अशा आंकड्यांवर आज्ञावलीची परीक्षा घ्यावी.

ही पांचवी पायरी सर्वांत महत्त्वाची. समजा, रात्रीं दहापासून पहांटे चारपर्यंत ७० मिलिमीटर पाऊस झाला. त्यांपैकीं ३५ मध्यरात्रीपूर्वीं व ३५ नंतर. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळीं ८.३० ते दुसऱ्या दिवशीं सकाळीं ८.३० असा असतो. जागतिक प्रमाणवेळेप्रमाणें तो ३.०० वाजतां पालटतो. त्या हिशेबानें हा एकाच दिवसाचा ७० मिलिमीटर पाऊस, अर्थात् अतिवृष्टि. परंतु आज्ञावलीनें दिवस मध्यरात्रीं पालटला, तर ३५ व ३५ असे दोन साधे दिवस दिसतील. संगणक कसलीही चूक दाखविणार नाहीं. बेरीजही बरोबरच येईल. मात्र शेतकऱ्याचें नुकसान कागदावर उमटणार नाहीं. यास्तव ‘उत्तर ७० आलें पाहिजे’ ही परीक्षा आज्ञावलीच्या आधींच लिहून ठेवावी. पाया खडकावर घालावयाचा तो असा.

स्वाध्याय : वरील मापकाचें पात्र सकाळीं ८.३० पासून मध्यरात्रीपर्यंत १९० वेळां व तेथून सकाळीं ८.३० पर्यंत १५० वेळां झुकलें. पाऊस किती? ती अतिवृष्टि ठरते काय? पालकांनीं मुलांकडून हें गणित आधीं कागदावर करून घ्यावें.